सिनेमा संपल्यावर तिनं विचारलं

कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवायला लागून मला बरीच वर्षं झाली होती, तेव्हा आम्ही गावोगाव सिनेमे दाखवायला सुरुवात केली. आम्ही म्हणजे मी, सरकारी दवाखान्यातले कानाचे डॉक्टर आणि माझे यजमान. त्याआधी आम्ही व्याख्यानं द्यायचो. डॉक्टर कानाच्या आतल्या भागाचं मोठं रंगीत चित्र भिंतीला टांगायचे आणि मागच्या रांगेतल्या बायका एकेक करून उठून जायच्या. बेंबळीत एकदा व्याख्यान संपलं तेव्हा समोर ग्रामसेवक, शाळेतले मास्तर आणि सतरंज्या उचलायला थांबलेला माणूस एवढेच उरले होते. परत येताना डॉक्टर म्हणाले, "इथं सिनेमा लावला असता तर बसायला जागा मिळाली नसती." ते चेष्टेत म्हणाले होते, पण गाडी चालवणारे माझे यजमान म्हणाले, "मग लावू की."

यजमान विजेच्या कामातले. जोडणी, पडदा, आवाज हे सगळं त्यांनी अंगावर घेतलं. सिनेमा निवडायचं काम माझं. दवाखाना, आजार, अपघात असलेला, लोकांना आवडलेला एखादा जुना सिनेमा घ्यायचा, तो पूर्ण दाखवायचा आणि दिवे लागले की विचारायचं, यातलं खरं काय आणि सिनेमातलं काय? नायक सापाचं विष तोंडानं ओढून काढतो, ते जमतं का? डोक्याला मार लागून गेलेली आठवण दुसऱ्या मारानं परत येते का? लोक तावातावानं बोलायचे. भूमला सापाच्या सिनेमानंतर एक म्हातारे गृहस्थ उठले आणि म्हणाले, "माझ्या भावाचं इष असंच ओढत बसलो आम्ही. दवाखान्यात न्यायला उशीर झाला." तेवढंच बोलून ते खाली बसले.  डॉक्टरांनी त्यानंतर जे सांगितलं ते त्या दिवशी सगळ्यांनी ऐकलं.

कानाच्या दुखण्यावरचा सिनेमा मात्र मी लांबणीवर टाकत होते. माझ्याच विषयावरचा, आणि तोच मला नको वाटत होता. त्याला कारण होतं.

आमची माणसं उमरग्याकडची, कर्नाटकच्या हद्दीला लागून असलेली. घरात कानडी, दारात मराठी. कानडीत मामालाही 'माव' म्हणतात आणि सासऱ्यालाही 'माव'च. आत्यालाही 'अत्ते' आणि सासूलाही 'अत्ते'. नाती आधीच ठरून ठेवल्यासारखी. माझं लग्न माझ्या सख्ख्या मामाशी झालं, आईच्या धाकट्या भावाशी. माझी सासू ही माझी आजी. आमच्याकडं यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण मी ज्या शाळेत शिकवते तिथं प्रवेशाच्या वेळी आईवडिलांना विचारावं लागतं, तुमचं लग्नाआधीचं नातं काय? आणि "मामाची मुलगी", "आत्याचा मुलगा", "मामाच" ही उत्तरं मी इतक्या वेळा ऐकली होती की विचारताना माझी नजर खाली जायची. शाळेत मी माझ्याबद्दल कधी बोलले नव्हते. कुणी विचारलंही नव्हतं.

आमच्या शाळेत त्याच भागातली एक मुलगी होती. तिला मी धाकटी म्हणेन, कारण तिला एक थोरली बहीण होती, आणि शनिवारी धाकटीला घरी न्यायला ही थोरलीच यायची. बारावी झालेली, सडसडीत, कमी बोलणारी. धाकटीशी हातवारे करून बोलायला ती आमच्याकडूनच शिकली होती आणि घरात तेवढी तिलाच ती भाषा येत होती. एका शनिवारी ती म्हणाली, "मॅडम, आमच्या गावात बी सिनेमा दाखवा की. बचत गटाच्या बायका जमवते म्या. पण कानाचाच पायजे." मी टाळाटाळ केली. ती पुन्हा पुढच्या शनिवारी आली, त्याच्या पुढच्याही. शेवटी मी हो म्हणाले.

सिनेमा मला माहीत होता. एका घरातल्या मधल्या सुनेला दोन मुलं होतात, दोन्ही बहिरी. सासू म्हणते, हिनं गरोदरपणी ग्रहणात भाजी चिरली. सून सगळं सोसते. शेवटी जत्रेत गर्दीत धाकटं लेकरू पडतं, देवळातल्या घंटा वाजतात आणि लेकराला ऐकू यायला लागतं. लोक हा सिनेमा बघून रडतात.

रविवारी दुपारी गावातल्या मंगल कार्यालयात खिडक्यांना चादरी लावून आम्ही पडदा बांधला. डॉक्टर यायचे होते, पण ऐनवेळी त्यांना दवाखान्यात थांबावं लागलं. त्यांचा फोन आला, "तुम्ही निभवून न्या, तुम्हाला सगळं येतं." मी थोरलीला म्हणाले, आपण पुढं ढकलू या. ती म्हणाली, "आज समदे आलेत, मॅडम. आजी बी आली. पुन्हा येणार न्हायत." तिचे ओठ कोरडे पडले होते. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

सिनेमा चालू असताना मी बाजूला उभी राहून लोकांकडं बघत होते. पुढं थोरलीची आई धाकटीला जवळ घेऊन बसलेली. तिच्या शेजारी खुर्चीवर आजी, म्हणजे आईची आई, पाठ ताठ करून. मागं दाराशी पुरुष उभे, त्यात पांढऱ्या शर्टातला एक तरुण. थोरली मधल्या रांगेत कडेला बसली होती आणि पडद्याकडं नाही, त्या दाराकडं बघत होती.

घंटा वाजल्या, लेकराला ऐकू आलं, बायकांनी डोळे पुसले. यजमानांनी दिवे लावले. मी नेहमीसारखी सुरुवात केली. घंटेनं ऐकू येतं का? बायका हसल्या, न्हाय म्हणाल्या. ग्रहणाचं खरं आहे का? इथं जरा गोंधळ झाला. एक म्हणाली खरं, दुसरी म्हणाली माझ्या जावंनं समदं चिरलं, तिचं पोरगं ठणठणीत. मी ग्रहणाचं समजावून सांगितलं. मग विचारलं, "तर मग एकाच घरात दोन लेकरं बहिरी का निघाली असतील?"

"नशीब," कुणीतरी म्हणालं.

थोरली उभी राहिली. "मॅडम, सिनेमात त्या दोघांचं लग्नाआधीचं नातं काय असतंय?"

मला क्षणभर कळलंच नाही. मी तो सिनेमा कितीदा बघितला असेल, पण ते वाक्य माझ्या कानावरून निघून गेलं होतं. ती म्हणाली, "लग्नाच्या वेळी सासू म्हणती, भावाची पोरगी हाय, घरातल्या घरात राहिली. म्हंजे ती नवऱ्याच्या मामाची पोरगी."

"हो," मी म्हणाले.

"माझे आईबाप बी आते-मामे भावंडं. धाकटीला ऐकू येत न्हाय." ती तशीच पुढं बोलत राहिली. "आता माझं लगीन माझ्या मामाशी ठरलंय. माझ्या लेकराला ऐकू येईल का, ते सांगा."

 तिच्या आईनं मान वळवून तिच्याकडं बघितलं. दाराशी उभ्या असलेल्या पुरुषांनी पांढऱ्या शर्टातल्या तरुणाकडं बघितलं, तेव्हा मला कळलं की मामा तो. आणि हेही कळलं की हा सिनेमा मी आणलेला नाही, या पोरीनं आणवून घेतला आहे. घरात जे विचारायची सोय नव्हती ते विचारायला तिनं सगळं गाव गोळा केलं होतं.

मला उत्तर द्यायचं होतं. मी म्हणाले, "नक्की येईल किंवा नक्की येणार नाही, असं कुणालाच सांगता येणार नाही. प्रत्येक गोष्टीची माहिती आपल्या शरीरात दोनदा असते, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. एकीत बिघाड असला आणि दुसरी चांगली असली तर काम चालतं. आपल्याला पत्ताही लागत नाही. असे लपलेले बिघाड आपल्या सगळ्यांकडं असतात. नवरा-बायको एकाच घरातले असले तर दोघांकडं एकच बिघाड असण्याची शक्यता वाढते. मुलाला दोन्हीकडून बिघडलेलीच मिळाली तर..."

"तर काय?" आजी खुर्चीवरून म्हणाली. "आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या असंच हुतंय, बाई. मामाला द्यायची, आत्याकडं द्यायची. समद्यांचीच लेकरं बहिरी निघाली का?"

"नाही निघाली," मी म्हणाले. "म्हणूनच मी नक्की म्हणत नाही. पण तुमच्या घरात एक मुलगी आधीच आहे, त्यामुळं..."

"पोरीचं नाव काढू नका," तिची आई म्हणाली. तिनं धाकटीला आणखी जवळ ओढलं. धाकटी सगळ्यांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत होती, काय चाललंय ते समजून घ्यायचा प्रयत्न करत.

भावकीतले एक वयस्क गृहस्थ पुढं आले. आवाज शांत होता, म्हणून जास्त भीती वाटली. "तुमी सिनेमा दाखवायला आलाव का ठरलेली लग्नं मोडायला आलाव?" दाराशी उभे असलेले दोघं-तिघं आत सरकले. मी यजमानांकडं बघितलं. ते वायर गुंडाळायचं थांबले होते.

तेवढ्यात बायकांतली एक जण म्हणाली, "ह्या बाईला इचारा, हिनं सोता कुणाला केलंय." ती माझ्या माहेरच्या गावाकडून सून म्हणून आलेली असणार. तिनं यजमानांकडं बोट दाखवलं. "त्यो तिकडं उभा हाय त्यो हिचा सख्खा मामा हाय."

कार्यालयात एकच कालवा झाला. कुणी हसलं. ते वयस्क गृहस्थ माझ्याकडं बघत राहिले. थोरलीही माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या नजरेत आपण फसवले गेलो असं काहीतरी होतं. ते मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त लागलं.

"खरं आहे," मी म्हणाले. "माझं लग्न मामाशीच झालंय."

"लेकरं?" आजीनं विचारलं.

"एक मुलगी. तिला नीट ऐकू येतं."

"मग झालं की," आजी म्हणाली आणि तिनं हात झटकला. लोक उठायला लागले.  माझीच मुलगी माझ्याविरुद्ध साक्षीला उभी होती. शक्यता म्हणजे काय, एखाद्या घराला ती शिवत नाही आणि एखाद्या घराला दोनदा गाठते, हे मी कसं सांगणार होते, तेही उठून चाललेल्या माणसांना?

"बसा जरा," यजमान म्हणाले.

ते कधी बोलत नाहीत. इतक्या गावांत आम्ही गेलो, त्यांनी माईक फक्त तपासायला हातात घेतला होता. आता त्यांनी माईक घेतलाच नाही. "आम्हाला एकच लेकरू का, ते सांगतो. पोरगी लहान असताना हिच्या शाळेत मी दिवे बसवायला गेलो होतो. तिथं आईबाप बघितले, समदे आमच्यासारखेच. घरी आलो आन् पोरीच्या पाठीमागं ताट वाजवलं. ती वळली न्हाय. खेळण्यात दंग आसंल. पण त्या दिवसापासनं मी रोज तिच्या मागं ताट वाजवायचो. कधी वळायची, कधी न्हाय. ही स्वयंपाकघरात असली का मी हळूच वाजवायचो. पोरगी बोलायला लागस्तवर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मग ठरवलं, दुसरं नको. पुन्हा तसं वाजवत बसायची ताकद न्हाय माझ्यात." त्यांनी आजीकडं बघितलं. "आमची पोरगी चांगली निघाली, आजी. पण मी भ्यालो हुतो ते उगंच न्हाय."

हे मी पहिल्यांदा ऐकत होते. दुसरं मूल का नको, हे मी त्यांना लग्नानंतरच्या त्या वर्षांत किती वेळा विचारलं होतं. सासू, म्हणजे माझी आजी, मलाच टोचून बोलायची. ते म्हणायचे, एक पुरे. मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी त्यांना आवडेनासं झालंय. आणि आज ते परक्या गावात, परक्या माणसांसमोर हे सांगत होते.

दाराशी उभा असलेला मामा बाहेर पडला. मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. लोक पांगले. थोरलीची आई माझ्याजवळ आली आणि अगदी हळू म्हणाली, "तुमाला लेकरू शिकवायला दिलं हुतं. घर मोडायला न्हाय." तिनं धाकटीचा हात धरला आणि गेली. थोरली मागोमाग गेली, मान खाली घालून.

 गाडीत मी म्हणाले, "मला सांगायला हवं होतंत."

"तुला भीती घालायची नव्हती."

"मला दुसरंच वाटत राहिलं, एवढी वर्षं."

ते रस्त्याकडं बघत होते. "ते मला माहीत न्हवतं," म्हणाले. 

सोमवारी धाकटी शाळेत आली नाही. त्या आठवड्यात आली नाही, पुढच्याही नाही. थोरलीचा फोन बंद होता. माझ्या जिवाला घोर लागला. नुकती कुठं धाकटी शब्द उच्चारायला लागली होती. 'पाणी' म्हणायची, 'ताई' म्हणायची. अशा वयात शाळा सुटली तर मिळवलेलं हातचं जातं, हे मी पाहिलेलं होतं. लग्न मोडो किंवा होवो, त्या भांडणात शिक्षा झाली ती बोलताही न येणाऱ्या पोरीला. डॉक्टर म्हणाले, "जरा शांत होऊ द्या." मला शांत होऊ द्यायला वेळ नव्हता.

मी एकटी त्यांच्या घरी गेले. दार तिच्या आईनं उघडलं आणि उंबऱ्यातच उभी राहिली. "आमची पोरगी आमी बघू."

"थोरलीचं लग्न तुम्ही ठरवा. त्यात मी पडत नाही," मी म्हणाले. "धाकटीला पाठवा."

"आता न्हाय पडत व्हय?" ती म्हणाली. "भावकीत तोंड दाखवायची सोय ठेवली न्हाय. लोक म्हणतेत, हिच्या रक्तातच खोट हाय. सिनेमात सुनेला जे म्हणत हुते, तेच मला आता समदं गाव म्हणतंय, बाई."

 ग्रहणाचं खोटं आम्ही पुसलं होतं, आणि त्याच्या जागी लोकांनी रक्ताचं खोटं लिहिलं होतं. बिघाड दोन्हीकडून येतो हे मी सांगितलं होतं, पण त्यांनी ऐकताना त्यातला अर्धा भागच उचलला होता, बाईचा. मी तिला ते समजावून सांगायला लागले, पण तिनं दार लोटून घेतलं. फटीतून धाकटी दिसली. तिनं मला बघून हात वर केले आणि आमच्या भाषेत विचारलं, शाळा? मी काही उत्तर देण्याआधी दार लागलं.

त्यानंतर काही दिवसांनी मधल्या सुट्टीत शिपाई सांगत आला, कुणीतरी भेटायला आलंय. बाहेर तो मामा उभा होता. मला वाटलं, हा भांडायला आलाय. मी यजमानांना फोन लावायला पर्समध्ये हात घातला. तो म्हणाला, "वर्ग बघू द्याल का?"

मी त्याला खिडकीपाशी नेलं. आत मुलं आरशासमोर बसून तोंड उघडून आवाज काढत होती. एक मुलगा शिक्षिकेच्या गळ्यावर हात ठेवून 'आ' कसा घुमतो ते चाचपत होता. तो तरुण खिडकीच्या गजाला धरून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "ह्याची तपासणी असती का?"

"असते. मोठ्या शहरात. रक्त देऊन. पण त्यात सगळे बिघाड सापडतात असं नाही."

"आन् न्हाय सापडलं तर?"

"तर धोका नाही, असं छातीठोक सांगता येत नाही."

त्यानं मान हलवली. "मला ती पसंत हाय, मॅडम. लहानपणापासनं ठरलेलंच हुतं, म्या दुसरा इचार कधी केला न्हाय. पण ती त्या दिवशी उभी राहून बोलली का, तवा तिला किती भ्या वाटतंय ते कळलं. घरात तिला कुणी इचारलंच न्हवतं. म्या बी न्हाय." गजावरचा हात काढून तो माझ्याकडं वळला. "तिनं नको म्हणलं तर माझी आई आन् अक्का तिला जगू देणार न्हायत. म्हणून म्याच नको म्हणतो. माझ्यावर येऊ द्या."

मी त्याला एवढंच म्हणाले की नको म्हणण्याचं कारण सांगताना 'रक्त' हा शब्द वापरू नका, आणि बहिणीला समोर बसवून सांगा की बिघाड असेल तर तो तुमच्यातही आहे, एकट्या तिच्यात नाही. तो म्हणाला, "सांगतो."

त्यानं सांगितलं. घरात काय काय झालं ते मला कळलं नाही, कळायचं कारणही नाही. आजीनं त्याच्याशी बोलणं टाकलं, एवढं ऐकलं. दिवाळीनंतर शाळा उघडली त्या सकाळी मोटारसायकलवर पुढं धाकटी आणि मागं तिचं दप्तर, अशी मामाची स्वारी फाटकात येऊन थांबली. धाकटी उतरली आणि वर्गाकडं पळाली. 'पाणी' ती विसरली होती. पुन्हा शिकवायला वेळ लागला, पण शिकली.

थोरलीचं लग्न पुढच्या वर्षी निलंग्याकडच्या, नात्यात नसलेल्या घरी झालं. पत्रिका मला आली नाही. लग्नाआधी तिचा एकदा फोन आला. म्हणाली, "त्या दिवशी तुम्हाला अडचणीत टाकलं, मॅडम. पण दुसरं कुणी दिसलं न्हाय मला." मी म्हणाले, मला आधी सांगितलं असतंस तर मी माझं आधीच सांगितलं असतं. ती म्हणाली, "आधी सांगितलं असतं तर तुम्ही आला नसता." ते खरंच होतं.

तो सिनेमा आम्ही अजून दाखवतो. आता डॉक्टर असल्याशिवाय नाही, आणि बोलायला सुरुवात करण्याआधीच मी सांगते की यंत्रामागं उभे आहेत ते माझे मामा आणि माझे यजमान. बिघाड दोघांकडून येतो हे वाक्य मी दोनदा म्हणते, कधी तीनदा. दिवे लागले की मी आधी सगळ्यांचे चेहरे बघून घेते. कुठल्या रांगेतून कोण उठेल, कुणाच्या घरचं काय बाहेर येईल, सांगता येत नाही.

यंदाच्या स्नेहसंमेलनाला धाकटीची आई आली होती. मागं, भिंतीला टेकून उभी होती. कार्यक्रम संपल्यावर पालक भेटत होते, ती थांबून राहिली. बाकीचे गेल्यावर जवळ आली. माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, "पोरीच्या कानातल्या मशिनचा सेल उमरग्यात मिळतो का?"

"मिळतो," मी म्हणाले आणि दुकान कुठं आहे ते सांगितलं.

ती बरं म्हणाली आणि धाकटीला घेऊन बसस्टँडकडं निघाली.